समाईक खोली

१

टिटवीचं काम निकाल वाचायचं. वकीलबाईंच्या ऑफिसात खिडकीशेजारच्या टेबलावर बसून ती वरच्या कोर्टाने अपिलात दिलेले निकाल दिवसभर वाचायची आणि प्रत्येकाचा पानभर गोषवारा काढून ठेवायची. घरांचे वाद, गहाणाचे वाद, नवरा-बायकोने वेगळं होण्याचे वाद. सुरुवातीला तिला वाचून रडू यायचं. मग सवय झाली. या निकालांत माणसं नसतातच, हे तिच्या लक्षात आलं. एक अपीलकर्ता असतो, एक प्रतिवादी असते, आणि दोघांच्या मध्ये एखादी ‘वादग्रस्त मिळकत’ असते, जिला कोणी काही विचारत नाही.

टिटवी हे नाव ताईने ठेवलेलं. लहानपणी पंख्याचा वारा लागून कॅलेंडर हललं तरी ही किंचाळायची, म्हणून. ते ऑफिसातही पोचलं होतं. “अगं टिटवी, फोन वाजतोय,” वकीलबाई म्हणायच्या, “वाघ नाही तो. उचल.”

एक निकाल मात्र तिला तोंडपाठ होता. तो ताईचा.

खालच्या कोर्टाने अख्खं घर भाऊजींना दिलं होतं. अपिलात ताईने अर्धं परत मिळवलं. पुढच्या दोन खोल्या भाऊजींच्या, मागच्या दोन ताईच्या. घर दोघांच्या सह्यांनी बँकेकडे गहाण पडलेलं, त्यामुळे ते सुटेपर्यंत विकायचा प्रश्न नव्हता. वेगळे व्हा, पण एकाच छपराखाली राहा, असा सगळा मामला. राहिली मधली खोली. त्या खोलीवरून दोघांनी कोर्टात इतकी ओढाताण केली की शेवटी कोर्टही वैतागलं आणि त्याने ती समाईक ठरवली. खोलीला दोन दारं होती, एक भाऊजींकडे उघडणारं, एक ताईकडे. दोन्ही दारांना ज्याचं त्याचं कुलूप आणि कुलपावर कोर्टाचं लाखेचं सील. आतली वीज तोडलेली. जो कोणी एकटा आत जाईल त्याचा स्वतःच्या खोल्यांवरचा हक्क जाईल, असं निकालात स्पष्ट म्हटलं होतं.

आई-वडील गेल्यावर माहेर असं काही उरलंच नव्हतं. टिटवी ताईकडेच राहायची. मागच्या त्या दोन खोल्या गेल्या असत्या, तर दोघी बहिणी रस्त्यावर आल्या असत्या.

२

टिटवी ताईच्या आधी घरी पोचायची. मागच्या गल्लीतून यायचं, स्वयंपाकघराचं दार उघडायचं, पर्स ओट्यावर ठेवायची, चहाचं आधण चढवायचं. आणि आधणाला उकळी येईपर्यंत मधल्या दाराचं सील बघून यायचं. ते तिनेच स्वतःला लावून घेतलेलं काम होतं. गॅस बंद केलाय ना हे माणूस दोनदा बघतो, तसंच. सील जागेवर दिसलं की तिला चहा गोड लागायचा.

त्या संध्याकाळी सील जागेवर होतं. पण वास आला.

ओलसर सुती कापडावर गरम इस्त्री फिरते तेव्हा येतो, तसा. चांगला वास. लहानपणी ताई शाळेचे कपडे इस्त्री करायची आणि टिटवी शेजारी बसून तो वास घ्यायची. तिला आधी बरंच वाटलं. मग तिने वळून बघितलं. त्यांची इस्त्री कपाटावर होती, वायर गुंडाळून, गार.

दारापलीकडून आवाज आला. धप्. मग घसरत जाणारा लांबट आवाज. पुन्हा धप्.

टिटवी किंचाळली नाही. किंचाळायला निदान काहीतरी अचानक घडावं लागतं. हा आवाज अचानक नव्हताच. तो बराच वेळ चालू असावा आणि तिलाच आता ऐकू आला असावा, असा होता.

‘भाऊजींकडून येतोय,’ तिने स्वतःला समजावलं. भिंती एकमेकींना चिकटलेल्या, आवाज कुठून कुठेही जातो. आणि वास? वास काय, खिडकीतून येतो. शेजारीपाजारी कोणी इस्त्री करत नाही की काय? सगळं पटण्यासारखं होतं. फक्त तिचा हात दाराला टेकला होता, आणि दाराचं लाकूड कोमट लागत होतं.

चहा उतू जाऊन गॅस विझला, तेव्हा ती भानावर आली.

३

ताईला सांगायला तिने चार दिवस घेतले. ताईने उलट तिलाच वेड्यात काढलं.

“तुला ना, भिंतीवर पाल चुकचुकली तरी भूत दिसतं.”

“तू ये ना एकदा. ऐक तरी.”

“बरं बाई, चल.” ताई हात पुसत आली. तिच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी मोडली होती ती कधी नीट वाकलीच नाही. कप धरला तरी ती करंगळी ताठ उभी राहायची, आणि घरात सगळे तिला ‘राणीसाहेब’ म्हणून चिडवायचे. दोघी दाराशी कान लावून उभ्या राहिल्या.

आत कोणीतरी बोलत होतं. एक बाई, एक पुरुष. शब्द कळत नव्हते, पण बोलण्याची ढब कळत होती. शेजारी मूल झोपलं असावं आणि ते उठू नये म्हणून दबक्या आवाजात चाललेलं, अशी ती ढब होती. भाजी काय आणायची, उद्या कोण लवकर जाणार, असंच काहीतरी. भांडण अजिबात नव्हतं.

ताईचा चेहरा लाल झाला. “बघितलंस? घेऊन आलाय कोणाला तरी. माझ्या खोलीत. सील तोडलं असणार त्याने त्याच्या बाजूचं. आता बघतेच मी.”

तेवढ्यात आतली बाई हसली.

आधी नाकातून फुसकन, मग दाबायचा प्रयत्न, मग तो फसून खळखळून. हे हसणं टिटवीने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. लग्नानंतर पहिली काही वर्षं ऐकलं असेल तेवढंच. ज्या बाईचं ते हसणं होतं, ती तिच्या शेजारी दात-ओठ खात उभी होती.

“कसली निर्लज्ज हसतेय,” ताई म्हणाली.

माणसाला स्वतःचं हसणं ओळखू येत नाही. टिटवीला ते कुठेतरी वाचल्याचं आठवलं.

४

दुसऱ्या दिवशी तिने मनाचा हिय्या केला. आतून पुरुषाचा आवाज यायला लागल्याबरोबर ती मागच्या दाराने निघाली आणि घराला वळसा घालून पळतच पुढच्या फाटकाशी गेली. भाऊजी पुढच्या खोलीत नसतील, तर ते मधल्या खोलीत आहेत. हिशेब सरळ होता.

भाऊजी समोरून रस्त्याने येत होते. हातात दुधाच्या पिशव्या, कपाळावर घाम.

“काय टिटवी? कुत्रं लागलं मागे?”

“तुम्ही आत्ता... बाहेर होतात?”

“मग काय, दूध चालत घरी येतं?” ते हसले. मग हसू मावळलं. त्यांनी आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. “बरं झालं भेटलीस. तुझ्या बहिणीला सांग, मी काही दुधखुळा नाही. मला सगळं ऐकू येतं. रोज संध्याकाळी त्या खोलीत तिच्याकडे कोण माणूस येतो?”

“कोणी येत नाही, भाऊजी.”

“मी काय बहिरा आहे? गप्पा मारतात. हसतात! माझ्याबरोबर होती तेव्हा कधी...” ते थांबले. दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “मी अर्ज दिलाय कोर्टात. तिने सील तोडलंय. त्या दोन खोल्या गेल्या समज.”

“भाऊजी,” टिटवी म्हणाली, “तो माणूस... तुम्हाला त्याचा आवाज ओळखीचा नाही वाटला?”

“कधीच ऐकला नाही. गुळमुळीत बोलणारा कोणीतरी मेला.”

टिटवीने मान खाली घातली. तो आवाज तिच्या चांगला ओळखीचा होता. ती शाळेत असताना तिला तापात रात्रभर गोष्टी सांगत बसलेल्या भाऊजींचा होता तो. आता फाटकाशी उभा होता त्या माणसाचा तसा आवाज राहिला नव्हता, इतकंच.

५

“हे बघ,” वकीलबाई म्हणाल्या, “कोर्टाने कमिशनर नेमलाय. तो येणार, सील बघणार, आत जाणार, खोली मोजणार, काय दिसलं ते लिहिणार. सील शाबूत असेल तर चिंता नाही. आहे ना शाबूत?”

“आहे.”

“मग तोंड एवढंसं का केलंयस?”

टिटवीने सांगितलं. वास, आवाज, हसणं. वकीलबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“यातलं एक अक्षर तिथे बोलायचं नाही. आवाज ऐकला म्हणालीस की कोर्ट म्हणणार, आत कोणीतरी आहे. कोण आहे? दोन दारं, दोन पक्ष. तुमच्यापैकीच एक. आणि बाईमाणसावर शेकायला वेळ लागत नाही. कळलं?”

“पण आत खरंच कोणी असेल तर?”

“तर तो आपला अशील नाही,” वकीलबाई म्हणाल्या, आणि फोन उचलला.

६

कमिशनरसाहेब म्हणजे पडशाने बेजार झालेले एक निवृत्त गृहस्थ होते. बरोबर कोर्टाचा बेलिफ, त्याच्याकडे मेणबत्ती, लाख आणि लांब कापडी टेप. साहेबांनी दोन्ही बाजूंची सिलं भिंग लावून बघितली. दोन्ही शाबूत. भाऊजींचा चेहरा पडला. ते याच बाजूला, ताईच्या स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. एक दार उघडलं की पुरे, असं साहेब म्हणाले.

मग त्यांनी बंद दारासमोर उभं राहून घसा साफ केला आणि मोठ्याने विचारलं, “आत कोणी आहे का? असेल त्याने सांगावं.”

ताईला हसू आलं. “साहेब, सील तर तुम्हीच बघितलंत.”

“पद्धत आहे, बाई. तीन वेळा पुकारायचं. उत्तर आलं, तर ती माणसं राहतात असं लिहायचं. तिसऱ्यालाही आलं नाही, तर जागा रिकामी, ताबा घ्यायला मोकळी.” त्यांनी शिंक आवरली आणि आणखी दोनदा पुकारलं. आत सगळं चिडीचूप होतं. पण टिटवीला वाटलं, ती शांतता ऐकणाऱ्याची होती.

बेलिफने सील फोडलं. ताईने कुलूप काढलं.

खोलीत धूळ नव्हती. वर्ष-दीड वर्ष बंद असलेल्या खोलीत बोटभर धूळ हवी, कोळ्यांची जाळी हवीत. फरशी पुसलेली होती. पलंगावर चादर ताणून घातलेली, दोन उशा, आणि दोन्ही उशांत डोक्याएवढे खळगे. मधोमध आडवं ठेवलेलं मोठं लाकडी कपाट, त्यामुळे खोलीचा पलीकडचा अर्धा भाग दिसत नव्हता. पलंगाशेजारी इस्त्रीचं टेबल. त्यावर ताईचा एक जुना ड्रेस आणि भाऊजींचा शर्ट, घडी करून. साहेबांनी इस्त्रीला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

“वीज नाही ना इथे?” ते म्हणाले.

“शर्ट माझा,” भाऊजी एकदम म्हणाले, “पण इस्त्री तिची. ही कॉलर बघा साहेब, अशी दुमडून ठेवायची हिची पद्धत. मी जन्मात कधी शर्टाला इस्त्री केलेली नाही, विचारा तिला.”

“ते मात्र खरं आहे,” ताई म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो ते कळून तिने जीभ चावली.

साहेबांनी खुर्ची ओढली आणि लिहायला घेतलं. “बेलिफ, टेप लावा. मुली, तू जरा हे टोक धर. भिंतीला घट्ट.”

टिटवी वाकली. टेपचं टोक तिने दोन्ही अंगठ्यांनी भिंतीशी दाबून धरलं. मागे बेलिफची पावलं कपाटाला वळसा घालून गेलेली ऐकू आली. टेप जमिनीवरून सळसळत गेली, उचलली गेली, ताणली गेली. पलीकडून एक हलकासा हिसका बसला. घट्ट आहे ना, हे विचारणारा.

“हं, किती भरलं?” साहेबांनी विचारलं.

उत्तर आलं नाही. टेप ताठच होती.

“अहो, किती?”

“काय साहेब, बोलावलंत?” बेलिफ स्वयंपाकघराच्या दारातून आत आला. त्याच्या हातात पेटती मेणबत्ती होती. “टेप ठेवलीय कपाटापाशी. मी म्हटलं आधी लाख वितळवून घ्यावी.”

टिटवीने वळून बघितलं. साहेब खुर्चीत. भाऊजी त्यांच्या मागे. बेलिफ दारात. ताई पलंगापाशी, दोन्ही हातांनी पर्स छातीशी धरून. टेप टिटवीच्या अंगठ्यांपासून निघून हवेत सरळ रेषेत कपाटामागे गेली होती आणि तिच्या बोटांना पलीकडची ओढ लागत होती, जिवंत, किंचित कमीजास्त होणारी.

कपाटाच्या कडेशी बोटं दिसली. चार बोटांनी टेप धरलेली. करंगळी ताठ, वर उभी.

मग टेप सैल झाली. ती कोणी टाकली नाही. आवाज होऊ नये अशा बेताने हळूच जमिनीवर ठेवली.

बेलिफने जाऊन बघितलं. मागे कोणी नव्हतं. इतरांनी काही बघितलंच नव्हतं. साहेब पुन्हा लिहू लागले होते, ओठ हलवत, एकेक शब्द स्वतःशी म्हणत. “खोली वापरात... कपडे व कामाची पद्धत पाहता... पत्नीने...”

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. टिटवीला त्या दोन खोल्या दिसल्या, ओटा दिसला, सामान गल्लीत काढून ठेवलेलं दिसलं. वकीलबाईंनी बजावलेलं तिला आठवत होतं. पण तिने वाचलेले निकालही आठवत होते, शेकड्याने, आणि त्यातलं एक वाक्य तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं.

“ताब्यात असणाऱ्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय काही ठरवता येत नाही, साहेब.”

साहेबांनी वर बघितलं. “कोणाचं म्हणणं?”

“इथे तिसरं कोणी राहतं. ताई नाही, भाऊजी नाहीत. आम्ही तिघांनी आवाज ऐकलेत. विचारा भाऊजींना.”

भाऊजींनी मान हलवली. “ऐकलेत,” ते म्हणाले.

साहेबांनी ओळ खोडली. “नाव काय त्यांचं?”

“माहीत नाही.”

“बरं,” ते नाक पुसत म्हणाले, “मग त्यांना नोटीस द्यावी लागेल.”

७

वकीलबाईंनी टिटवीला पेढाच काय तो भरवायचा बाकी ठेवला. “अगं, काय डोकं चालवलंस! वरच्या कोर्टाने मानलं. दोघांपैकी कोणीतरी लबाडी करतंय असं कोर्टाला वाटतंय, म्हणून कोर्टानेही डाव टाकलाय. आतल्या रहिवाशांनी, जे कोणी असतील त्यांनी, आपलं म्हणणं मांडावं. तोवर त्यांच्या जाण्यायेण्याला अडथळा करायचा नाही. दोन्ही कुलपं काढायची. झालं! ताईच्या खोल्यांना धक्का नाही.”

“जाण्यायेण्याला?”

“हो. तुमच्या स्वयंपाकघरातून, नाहीतर त्याच्या पुढच्या खोलीतून. दुसरी वाट कुठे आहे? आणि आत कोणी नाहीच, तर येणार कोण?”

दुपारी बेलिफ येऊन दोन्ही दारांवर नोटीस चिकटवून गेला. सिलं फोडली आणि थांबला नाही. आणखी एका घराचा ताबा घ्यायचा होता म्हणाला. कुलपं तुमची, तुम्हीच काढा.

बाहेर लख्ख ऊन होतं. गल्लीत कोणीतरी सायकल धूत होतं. ताईने किल्ली लावली, कुलूप काढून ओट्यावर ठेवलं. पलीकडे, दोन दारांपल्याडून, भाऊजींचं कुलूप खणखणलं. तेही निघालं.

दोघी बघत उभ्या राहिल्या. दार हललं नाही.

“झालं,” ताई म्हणाली. “उगीच जीव टांगणीला. चहा टाक.”

आत कोणीतरी घसा साफ केला.

“बाहेर कोणी आहे का? असेल त्याने सांगावं.”

भाऊजींचा आवाज. जुना, तापात गोष्टी सांगणारा. टिटवीला क्षणभर वाटलं, तेच पलीकडून आत शिरून मस्करी करताहेत. पण लगेच पुढच्या खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, धावती पावलं, पुढचं दार, फाटक आपटल्याचा आवाज. खरे भाऊजी घराबाहेर पडले होते. चपलाही घातल्या नसाव्यात.

पुढच्या खोल्या रिकाम्या झाल्या.

“बाहेर कोणी आहे का? असेल त्याने सांगावं.”

दुसरा पुकारा. आणि तेव्हा टिटवीला कळलं की हे घाबरवणं नव्हतं. ती पद्धत होती. आतल्यांनी ती दाराआडून ऐकून घेतली होती, आणि आता ते त्याच पद्धतीने सगळं रीतसर करत होते. तिसऱ्यालाही उत्तर आलं नाही, तर जागा रिकामी.

फक्त ‘आहे’ म्हणायचं होतं. एक शब्द. जन्मभर पान हललं तरी किंचाळलेल्या टिटवीने तोंड उघडलं, तर दातखीळ बसलेली. घशातून नुसती हवा आली. तिने ताईचा दंड धरून गदागदा हलवला. बोल. ताई, बोल ना. तुझं घर आहे.

ताईने मान हलवली. हो, हो. तिने श्वास घेतला.

“बाहेर कोणी आहे का?”

ताईचे ओठ हलले. टिटवीने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, ते नीट हलले. पण आवाज तिथून आला नाही. तो दारापलीकडून आला, ताईचाच, सुखात असलेल्या बाईचा, शेवटच्या शब्दात हसू मिसळलेला.

“कोणी नाही हो. उघडा तुम्ही.”

आतली कडी सरकली.